एमटीए कर, पण शिकवायला त्याआधीच लाग

अगं,

तुझा एवढा मोठ्ठा मेसेज काल रात्री तालमीवरून परत येताना ट्रेनमध्ये वाचला. सगळं ठीक, पण 'अॅक्टिंगचं नाहीच जमलं तर टीचिंग आहेच' हे जे लिहिलंयस ना, ते आधी डोक्यातून काढून टाक बाई. असं म्हणत शिकवायला आलेले बरेच बघितलेत मी, उभे असतात वर्गात पण अर्धा जीव ऑडिशनच्या फोनमध्ये, आणि पोरांना ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं. पोरं लई बेरकी असतात.

आता नाटकात पोस्ट ग्रॅज्युएशन करू का, तर हो, कर. कलिना कॅम्पसमधली आपल्या मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स 2003 पासून आहे, वामन केंद्रेंनी उभी केलेली, दोन वर्षांचा एमटीए, म्हणजे मास्टर ऑफ थिएटर आर्ट्स. पुण्यात ललित कला केंद्र आहे, दिल्लीत एनएसडीचा, म्हणजे नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाचा, तीन वर्षांचा कोर्स आहे, पण तुला घरची जबाबदारी सोडून मुंबईबाहेर जायचं नाहीये म्हणतेस, मग कलिनाच. फक्त फुल टाइम म्हणजे खरंच फुल टाइम हे घरी आत्ताच सांगून ठेव. घोडबंदरला सिरियलची बारा तासांची शिफ्ट, मध्ये आरामनगरला दोन ऑडिशन्स, आणि उरलेल्या वेळात एमटीए, असं नाही होत. होतं म्हणणारे हजेरीसाठी सरांच्या मागे फिरत असतात.

तू एकांकिकांमधून आलीयस. आयएनटी, सवाई या स्पर्धा, सगळा तो माहोल. टायमिंग आहे तुझ्याकडे, लाफ्टर कुठे येणार ते कळतं. पण तोच सीन का लागला असं विचारलं तर तू म्हणशील, 'माहीत नाही, आतून आलं'. नटीला हे उत्तर एकवेळ चालून जातं, शिकवणारीला नाही चालत, कारण समोरच्या बारा वर्षांच्या पोराला 'आतून आण' म्हणून काही उपयोग नाही. त्याला विचारावं लागतं, 'तुला तिच्याकडून काय हवंय? आणि ती देत नाहीये, मग आता काय करशील?' अभिनयाची पद्धत मांडणारा तो रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की तिथे कामाला येतो. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक हे नाट्यशास्त्रातले अभिनयाचे चार प्रकार (शरीर, वाणी, वेशभूषा, भाव) परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देतात बरेचजण, पण वर्गात एखादं मूल सगळे शब्द बरोबर बोलतंय आणि हात मात्र खिशात घट्ट, तेव्हा नेमकं काय अडलंय ते कळायला त्याचाच आधार होतो. माझ्या मते या कोर्सची खरी किंमत हीच, की जे आपोआप होत होतं ते सुटं करून बघायची सवय लागते.

आणि हो, पोरांना वाक्य म्हणून दाखवायचं नाही. कितीही हात शिवशिवले तरी. एकदा तू म्हणून दाखवलंस की तीस पोरं तुझाच सूर काढणार.

एक बघ. इंग्लंडमधल्या डोरोथी हेथकोट या बाईंनी 'टीचर इन रोल' म्हणून पद्धत रुजवली, म्हणजे शिक्षिकाच भूमिकेत शिरते आणि मुलांना गोष्टीत ओढते. मानखुर्दच्या एका शाळेत मी ते करून बघितलं. दुपट्टा खांद्यावर टाकला, हातात फाइल, आणि आत येऊन म्हटलं, 'उद्यापासून तुमच्या गल्लीचा नळ बंद.' झालं, सगळा वर्ग गल्ली झाला, कोणी आजी, कोणी दुकानदार, नुसता कल्ला. मागच्या बाकावर एक मुलगी होती, तोवर माझ्या तासाला एकदाही तोंड न उघडलेली. ती उठली, पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, 'मॅडम, नोटीस दाखवा.' माझ्याकडे नोटीस नव्हती गं! फाइलमध्ये लाइट बिल. आता पुढचं वाक्य भूमिकेतच राहून सुचायला पाहिजे, मुलीचा मुद्दा पडू न देता. स्टेजवर यापेक्षा अवघड इम्प्रोव्हायझेशन मला तरी क्वचित करावं लागलंय. म्हणून म्हणते, टीचिंग आणि परफॉर्मन्स हे दोन कप्पे करू नकोस.

सुलभाताई देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, पुढे आविष्कार या नाट्यसंस्थेची चंद्रशाला ही शाखा त्यांनी मुलांसाठी काढली, आणि नटी म्हणून कुठे कमी पडल्या सांग?

नोकरीचं सरळ सांगते. कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर मास्टर्सला 55 टक्के (आरक्षणात 50) आणि नेट ही पात्रता परीक्षा, विषय परफॉर्मिंग आर्ट्स. जागा मोजक्याच. मराठी शाळांत नाट्यशिक्षक असं पद सहसा नसतंच, तिथे तासावर पैसे, गॅदरिंगच्या आधी धावपळ, मे महिन्यात शिबिरं. आयबी आणि आयजीसीएसई या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांमध्ये ड्रामा रीतसर विषय आहे, पगारही बरा, पण शिकवायचं इंग्रजीत, तर त्याची भीती आत्तापासून घालवायला लाग. एमटीएनंतर फक्त मुलांसोबतच काम करायचं ठरलं तर एनएसडीचा आगरताळ्याला थिएटर इन एज्युकेशनचा एक वर्षाचा कोर्स आहे, तेव्हा तरी घरचे सोडतील बहुतेक.

तोवर एक कर. अॅडमिशन होवो न होवो, जवळच्या एखाद्या शाळेत किंवा संस्थेत शनिवारचा एक तास माग, फुकट मिळाला तरी घे, आणि तीन-चार महिने तोच वर्ग धर, वर्कशॉप करून पळून जायचं नाही. दर तासानंतर वहीत लिही काय फसलं. इंटरव्ह्यूला 'शिकवायचंय का' विचारतील तेव्हा ती वही असेल तुझ्याकडे, नुसतं पॅशन नको.

ऑडिशनला मात्र तो तुझा स्पर्धेतला किंचाळण्याचा तुकडा नेऊ नकोस प्लीज. काहीतरी साधं निवड, दोन मिनिटांचं, ज्यात ऐकायला लागतं. निवडलंस की फोन कर, पण संध्याकाळी सहाच्या आत, नंतर तालीम असते.