पोरीच्या केसात जट झाली तर तिला यल्लम्माला सोडावंच लागतं का?

तुम्ही विचारलंय, भाचीच्या डोक्यात जट झालीय, घरातली मोठी माणसं म्हणतायत यल्लम्माचं बोलावणं आलं, पोरगी सोडली नाही, म्हणजे देवदासी म्हणून देवीला वाहिली नाही, तर घरावर कोप होईल, हे खरं का. नाही, खरं नाही. मी निपाणीकडची, वेदगंगेकाठच्या गावातली, माझी सख्खी आत्या अशा जटेपायीच देवीला सोडलेली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं गाव तेव्हा पावसाळ्यात तुटायचं. बंधाऱ्यावरनं पाणी गेलं की पलीकडं जायला वाट नाही, डॉक्टर नाही, काही नाही. आत्या आठ-नऊ वर्षांची असताना दीड महिना तापानं पडून होती, तेवढ्या दिवसात केसाला फणी लागली नाही, घाम आणि भंडाऱ्यानं केस चिकटून मागं जट झाली. औषध देणारं गावात कुणी नव्हतं पण जोगतीण, म्हणजे देवीला सोडलेली बाई, होती, तिनं परडी पुढं ठेवली आणि सांगितलं आईनं पोरगी मागितलीय. नंतर ताप उतरला, तोही आईनंच उतरवला असं ठरलं. आजोबा दुष्ट नव्हते हो, घाबरले होते, आणि वर सावकाराचं देणं होतं. माघी पुनवेला सौंदत्तीच्या डोंगराला, यल्लम्माच्या देवळाला नेलं, तिथल्या जोगनभावी कुंडात आंघोळ घातली, गळ्यात लाल-पांढरे मणी बांधले. जोगतिणीला लुगडं आणि धान्य मिळालं. आत्या वयात आली तशी गावातल्याच एका पैसेवाल्यानं तिला ठेवली, आजोबांचं देणं फिटलं, चार वर्षांनी त्यानं सोडलं तेव्हा तिच्या पदरात पोरगा होता. पुढचं सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं, आणि शाळेत पोराचं नाव घालताना बापाचं नाव काय सांगायचं म्हणून ती दोन दिवस घरीच बसून राहिली होती.

डोंगरावर सगळ्या जातीची माणसं येतात, सगळेच उदं गं आई उदं म्हणतात, पण सोडलेल्या पोरी जवळजवळ सगळ्या आमच्यासारख्या दलित घरातल्या. जट काय पैसेवाल्याच्या पोरीला होत नाही का? तिची कात्रीनं निघते, तिथं कुणाला बोलावणं ऐकू येत नाही.

भक्ती सोडा असं मी म्हणत नाही. मी आजही डोंगराला जाते, परडी भरते. आत्यापण शेवटपर्यंत मंगळवार-शुक्रवार पाच घरं जोगवा मागायची, त्यात तिला बरं वाटायचं. यल्लम्मा म्हणजेच रेणुका, तिची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, रोज मलप्रभेच्या वाळूचा घडा करून पाणी आणणारी, एक दिवस नदीत गंधर्वांचा खेळ बघून मन जरा ढळलं तर जमदग्नींनी पोराकडून तिचं डोकं उडवलं. जिनं स्वतः एवढं सोसलं ती आई दुसऱ्याची लेक असल्या जगण्यासाठी का मागेल, हे मला कधीच पटलं नाही.

मी चौथीत असताना मलाही जट झाली. घरात कुजबुज सुरू झाली, आजीनं भंडारा काढला. आत्या वखारीतनं आली, कुणाशी बोलली नाही, मला परसात नेऊन बसवलं आणि कात्रीनं जट कापली, नदीत सोडली. म्हणाली, कोप व्हायचा असला तर माझ्यावर होऊ दे. कुणाला काही झालं नाही, मी शिकले, नोकरी लागली.

घरातल्यांना कायद्याचंही सांगा. इकडं बेळगाव मुंबई इलाख्यात असताना 1934 लाच पोरी देवाला सोडायला बंदी झाली होती, म्हणजे आत्याला सोडलं तेसुद्धा बेकायदाच होतं. कर्नाटकानं 1982 ला कायदा केला, त्यात आईबापानं सोडली तर दोन ते पाच वर्षं कैद ठेवली होती, पोरगी हो म्हणाली तरी सुटका नव्हती; 2025 ला विधानसभेनं नवा कायदा मंजूर केला, बंदी त्यातही आहेच. घटप्रभेच्या सीतव्वा जोडट्टी स्वतः सातव्या वर्षी सोडलेल्या, त्यांनी पुढं सोडलेल्या बायकांची संघटना उभी केली, 2018 ला पद्मश्री मिळाली, त्यांचं नाव घरात जरूर सांगा, आपल्याच जिल्ह्यातल्या आहेत. कुणी डोंगराला न्यायची तयारी करायला लागलं तर 1098 ला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन करा, लाजू नका.

आणि जट आधी तुम्हीच काढा. रात्री खोबरेल तेल भरपूर चोळून ठेवा, सकाळी बोटानं सुटतील तेवढे केस सोडवा, बाकीचे कातडीपासून दोन बोटं वर कात्रीनं कापा. खाली उवा नाहीतर जखम असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. भीती वाटत असेल तर महाराष्ट्र अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या लोकांना कळवा, त्यांच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा काढल्यात. आजीला फारच वाटत असेल तर ते केस नदीत सोडायला तिलाही बरोबर घेऊन जा.