माळ नांगरायचा का?

प्रश्न : सांगोला तालुक्यात आमचा सात एकर माळ आहे. पावसाळ्यात गावातल्या धनगरांची मेंढरं त्यावर चरतात. धाकटा भाऊ म्हणतो, पोकलेन लावून डाळिंब करू. आई नको म्हणते. तुमचं मत काय? – एक वाचक

उत्तर : भावाला वेड्यात काढू नका. सांगोल्यानं मुरमाड रानात ठिबकवर डाळिंब पिकवून दाखवलंय. त्याच भागात तेल्या आणि मर रोगानं उपटलेल्या बागाही तुम्ही पाहिल्या असतील. पण माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात झाली, त्यामुळे मी आधी मेंढराच्या पायाकडं बघतो.

उन्हाळ्यात मेंढका कसंही भागवतो. काढणी झालेली रानं असतात, बाभळीच्या शेंगा असतात. खरी अडचण जून ते सप्टेंबरची. शेतांत पीक उभं, कोकणात पावसाची झोड आणि काळ्या रानात चिखल. चिखलात कळप राहिला की खुरं सडतात, मेंढरं लंगडू लागतात. माळावर पाणी थांबत नाही, म्हणून ते चार महिने तोच त्यांचा आसरा. माळ बागेत गेला की उरलेल्यावर दाटी होते, पवन्या-मारवेलसारखं चाऱ्याचं चांगलं गवत खुंटतं, टोचरी कुसळी माजते. मग आपणच म्हणायला मोकळे की मेंढरांनी माळ खाल्ला!

नुकसान धनगरांपुरतं राहत नाही. दिवाळीनंतर बागायतदार लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, पैसे किंवा धान्य देतात. ते कळप पावसाळ्यात अशाच माळांवर तगलेले असतात.

तुमच्याच जिल्ह्यातलं नान्नजचं माळढोक अभयारण्य घ्या. १९७९ साली ते झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास होतं, गावं-शेतं धरून. पुढे ते सुमारे १,२२२ वर आणलं. दरम्यान पाणी आलं, ऊस आला, माळ नांगरले गेले. उघड्या माळावर बहुधा एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्यानं जायचं कुठं? आज तिथं माळढोक दिसला तर नशीब म्हणायचं.

आता तुमचे सात एकर. पोकलेन बोलावण्याआधी चार-पाच ठिकाणी गुडघाभर खड्डे घ्या. वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागला, तर तिथं हात लावू नका. गवताची जुनी ठोंबं निघाली की उताराची माती पहिल्या वळवातच वाहते, आणि पडीक टाकलं तरी आधी गाजरगवत येतं, मारवेल नाही. ओघळीच्या बाजूला माती खोल असेल तेवढ्यात डाळिंब लावा. तेही विहिरीला एप्रिलमध्ये किती पाणी राहतं ते बघूनच. शेततळ्याच्या भरवशावर नको. ते भरायलाही पाणी बहुतेकदा त्याच विहिरीतून उपसावं लागतं.

उरलेल्या माळासाठी मेंढक्यांशी आत्ताच बोलून घ्या : पहिल्या पावसानंतर गवत वीतभर होईपर्यंत कळप आत नको, आणि त्या बदल्यात बागेत काही रात्री मेंढरं बसवायची. बोलणी आईला करू द्या, तिची त्यांच्याशी ओळख जुनी दिसते.