घाटात बंद पडून दहा मिनिटांनी परत चालू होणारी जीप: आधी टाकी, शेवटी कार्बोरेटर

नमस्कार ताई. तुमचं दुखणं मला कळलं ते असं: आजोबांची पेट्रोलवरची सीजे-३बी जीप. सकाळी पहिल्या सेलला चालू होते, साखळीहून केरीपर्यंत व्यवस्थित जाते, पण चोर्ला घाटाचा चढ लागला की झटके मारत बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली की परत चालू. गॅरेजमध्ये 'व्हेपर लॉक' असं निदान झालंय आणि दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवायचा सल्ला मिळालाय. तो बसवू का, असं तुम्ही विचारलंय.

बसवू नका. आहे तो कार्बोरेटरही इतक्यात खोलू नका.

माझ्याकडे हेच मॉडेल आहे. फोंड्यात घराशेजारच्या कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) राबणारी गाडी. तिने मला अनमोड घाटात नेमकं हेच करून दाखवलं होतं. मी तेव्हा कार्बोरेटर तीन वेळा खोलला, दोन किट वाया घालवले, आणि दोष निघाला टाकीपासून हातभर अंतरावर. तुमचे पैसे आणि तो जुना कार्बोरेटर दोन्ही वाचावेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

'थोडं थांबलं की चालू होते' या लक्षणाची चार वेगवेगळी कारणं असतात आणि चारही बाहेरून सारखीच दिसतात. एक, खरोखरच व्हेपर लॉक: पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली, थंड झाल्यावर ती निवली. दोन, टाकीचं झाकण हवा आत घेत नाही. पेट्रोल खेचलं जाईल तशी टाकीत पोकळी होते, पंपाची ओढ कमी पडते, आणि थांबल्यावर हळूहळू हवा आत शिरून सगळं समान होतं. तीन, टाकीतला कचरा सक्शन पाइपाच्या तोंडाला चिकटतो. इंजिन बंद झालं की ओढ थांबते, कचरा सुटून खाली बसतो. चौथं कारण पेट्रोलचं नाहीच: प्लगच्या ठिणगीसाठी लागणारा कॉइल किंवा कंडेन्सर तापला की ठिणगी बंद पडते आणि थंड झाल्यावर परत येते. चढावर इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि उष्णताही जास्त होते, त्यामुळे चौघंही घाटातच गाठतात.

म्हणून पुढच्या वेळी बंद पडली की लगेच बॉनेट उघडा, ती दहा मिनिटं वाया घालवू नका. आधी टाकीचं झाकण सैल करा आणि कान द्या. 'सुस्स' करून हवा आत ओढली गेली तर दोष झाकणाचा. नंतर एअर क्लीनरचा पाइप काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हाताने थ्रॉटल झटकन उघडा. पेट्रोलची बारीक चिळकांडी दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्यात) पेट्रोल आहे, मग कॉइल-कंडेन्सरकडे वळा. चिळकांडी नसेल तर चेंबर कोरडा आहे आणि दोष मागे कुठेतरी आहे. हे करताना सेल मारायचा नाही, डोकं तोंडावर वाकवायचं नाही, आणि जवळपास कोणी विडी ओढत असेल तर आधी त्याला लांब पाठवा.

पंपाला काचेची वाटी असेल तर तीही बघा. वाटी अर्धी रिकामी आणि तळाशी तपकिरी गाळ असेल तर टाकी. पेट्रोलमध्ये बुडबुडे येत असतील तर पंपाच्या मागे कुठेतरी लाइन हवा घेतेय. यात माणूस हमखास फसतो. पंपापर्यंतची लाइन ओढीची आहे, तिथे भेग पडली तर पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते. त्यामुळे बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. वाटीचं जुनं बुचाचं पॅकिंग आक्रसलं तरी हेच होतं.

माझ्या गाडीत दोष होता टाकी आणि लोखंडी पाइप यांच्यामधल्या वीतभर रबरी होजमध्ये. बाहेरून नवा कोरा, काळा, दाबून बघितला तर मऊ. शेवटी वैतागून ब्लेडने उभा चिरला. आतला थर फुगून सुटला होता आणि त्याची नखाएवढी एक पापडी एका बाजूने लोंबत होती. कमी ओढ असली की पापडी भिंतीला टेकून राहायची, ओढ वाढली की दारासारखी बंद व्हायची. सपाटीवर चालणार आणि चढावर मरणार, याचं उत्तर माझ्या तळहातावर होतं. तो होज मी सहाच महिन्यांपूर्वी एका दुकानातून घेतला होता.

हल्ली पेट्रोल पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या काळचं रबर, बूच आणि काही स्वस्त होज त्यात फुगतात, सुटतात, नाहीतर कडक होऊन तडकतात. होज घेताना त्यावर 'एसएई जे३० आर९' हे पेट्रोल होजचं मानक छापलेलं आहे का बघा. त्याच्या आतला थर फ्लोरोइलास्टोमर या खास रबराचा असतो आणि तो इथेनॉलला टिकतो. महाग पडतो, पण एका जीपला मीटरभरही पुरतो. क्लिपा कडा वळवलेल्या घ्या, दातेरी जुबिली क्लिप रबर कापते. लाइन तांब्याची असेल तर बदला. तांबं धक्क्यांनी कडक होत जातं आणि फ्लेअरपाशी (पाइपाच्या पसरवलेल्या तोंडापाशी) तडकतं. ५/१६ इंची स्टीलचा पाइप, डबल फ्लेअर करून, एक्झॉस्टपासून जितका लांब नेता येईल तितका न्या.

आता टाकी. तुम्ही लिहिलंय की गाडी जूनपासून चवथीपर्यंत उभी असते. आपल्याकडच्या पावसात अर्धी रिकामी टाकी म्हणजे गंजाला आमंत्रण. वरच्या रिकाम्या भागात दमट हवा जाते, पाणी धरतं, इथेनॉल ते पाणी ओढून घेतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी व इथेनॉल एकत्र वेगळे होऊन तळाशी बसतात. सक्शन पाइप तिथूनच ओढतो. खात्री करायची असेल तर टाकीच्या तळातलं पेट्रोल एका स्वच्छ काचेच्या बरणीत काढा आणि रात्रभर ठेवा, घराबाहेर, झाकण लावून. सकाळी बरणीत दोन थर दिसले की आणखी पुरावा नको.

टाकी सीटखाली आहे, काढायला सोपी. आधी बॅटरीची तार काढा. पेट्रोल उघड्यावर, पत्र्याच्या डब्यात काढा. गटारात किंवा माडांच्या मुळाशी ओतू नका, आपल्या विहिरी लांब नसतात. मग साबणाच्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा. आत खूप गंज असेल तर मूठभर नट आणि साखळीचा तुकडा टाकून हलवा, नंतर गरम पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड, दहा लिटरला अर्धा किलो या प्रमाणात, रात्रभर भरून ठेवा. सकाळी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, स्वच्छ पाण्याने धुवा, आणि लगेच ब्लोअर लावा. 'लगेच' हा शब्द मनापासून लिहितोय. आपल्या हवेत धुतलेला पत्रा बघता बघता नारिंगी होतो. म्हणून हे काम जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दिवशी काढा आणि सुकल्याबरोबर थोडं टू-टी ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवा. भोक निघालं तर वेल्डिंग करू देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. आतून लावायचं सीलंटही मला पटत नाही. गंजावर लावलेलं सीलंट पुढे पापुद्रे धरून सुटतं आणि सक्शनचं तोंड बंद करतं. पत्रा फारच गेला असेल तर नवी टाकी करून घ्या.

पंपाची तपासणी थंड इंजिनावर करा. कार्बोरेटरकडची लाइन सोडून बाटलीत धरा, कॉइलची मधली तार काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवा (अर्थिंग करा) आणि कोणाला तरी सेल मारायला सांगा. मिनिटात अर्ध्या लिटरच्या आसपास, ठोक्याठोक्याने जोरात पेट्रोल आलं तर पंप ठीक. गेज लावलात तर या इंजिनाला साधारण अडीच ते पावणेचार पीएसआय दाब हवा. पंपाच्या अंगाच्या छोट्या भोकातून पेट्रोल ठिबकत असेल किंवा ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर डायफ्रॅम (पंपातला लवचिक पडदा) फाटलाय, गाडी चालवू नका. नवा डायफ्रॅम बसवताना स्क्रू अर्धवट आवळा, लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि मगच घट्ट करा. तसं न केल्यास डायफ्रॅम ताणला जाऊन महिन्या-दोन महिन्यांत परत फाटतो. लिव्हरची पिन झिजली असेल तर स्ट्रोक कमी पडतो, तीही बदला. इलेक्ट्रिक पंपाचा मोह टाळा. बाजारातले बरेच पंप जास्त दाबाचे असतात, ते नीडलला (पेट्रोल अडवणाऱ्या सुईला) उचलून कार्बोरेटर भरून टाकतात.

हे सगळं झाल्यावरही चेंबर घाटात कोरडा पडत असेल, तर व्हेपर लॉक खरा. बंद पडल्यावर पंपावर आणि लाइनवर ओलं फडकं टाका, एक्झॉस्टला लागू देऊ नका. दोन मिनिटांत चालू झाली तर लाइन एक्झॉस्टपासून दूर घ्या, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या.

कार्बोरेटर कार्टर कंपनीचा आहे की सोलेक्सचा ते तुम्ही लिहिलं नाही. कोणताही असला तरी जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) तार घालू नका, भोक मोठं झालं की ते परत लहान होत नाही. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर तो फुटलाय. झाळून घेता येतो, पण झाळ जितकी जास्त तितका फ्लोट जड आणि पेट्रोलची पातळी वर, म्हणून नंतर माप परत लावा. थ्रॉटलची दांडी हलवून बघा, ढिली असली तर तिथूनही हवा जाते. शेवटी प्लग बघा. ई२०ला त्याच हवेसाठी थोडं जास्त पेट्रोल लागतं, तेव्हा प्लग पांढरे पडले असतील तर मेन जेट एक नंबर वाढवावा लागेल. आधी गळती आणि हवा बंद करा, मगच जेटला हात लावा.

या रविवारी केरीच्या पुढे घाटात जाणार असाल तर सोबत अग्निशामक, ओलं फडकं आणि एक रिकामी बरणी घ्या. बंद पडली की झाकणाचा आवाज, चिळकांडी आणि काचेची वाटी, या तिन्हींत काय दिसलं ते लिहा. वाटीचा फोटो टाकलात तर पुढचं लगेच सांगता येईल. सुटे मेन जेट माझ्याकडे आहेत, लागले तर फोंड्याला या.