लॅकोनिक म्हणजे मितभाषी की तुटक?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला आहे, तिच्या इंग्लिशच्या धड्यात ‘लॅकोनिक’ शब्द आलाय. एका डिक्शनरीत अर्थ दिलाय मितभाषी, दुसरीत तुटक बोलणारा. एक कौतुक झालं अन् एक तक्रार, मग खरं काय धरायचं? आणि हा शब्द आला कुठून? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी शब्दाचं गाव सांगतो, मग अर्थाचा घोळ आपोआप सुटेल. ग्रीसच्या दक्षिणेला लाकोनिया नावाचा प्रदेश आहे, स्पार्टा हे तिथलंच मुख्य नगर. तिथल्या माणसांचं बोलणं इतकं मोजकं असायचं की बाकीचे ग्रीक लोक तसं कुणी बोललं की ‘लाकोनियावाल्यासारखं बोलतो’ म्हणायचे, तेच पुढं लॅटिनमधून इंग्लिशमध्ये गेलं, साधारण सोळाव्या शतकात. आता हे लोक काय जन्मतःच कमी बोलायचे असं नाही बरं का, प्लुटार्क नावाचा जुना ग्रीक लेखक लिहितो की स्पार्टात पोरांना लहानपणापासून ट्रेनिंगच असायचं, प्रश्न विचारला की उत्तर थोडक्यात अन् कारणासकट द्यायचं, नाही जमलं तर शिक्षा.

हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं दिलेली एक गोष्ट तर लेकीला नक्की सांगा. सामोस बेटावरून हाकलून दिलेले काही लोक स्पार्टाकडं मदत मागायला आले, गरज मोठी होती म्हणून भाषणही लांबलचक ठोकलं. स्पार्टावाले म्हणाले, सुरुवातीचं विसरलो आणि पुढचं कळलं नाही. मग दुसऱ्या वेळी ते लोक नुसती रिकामी पिशवी घेऊन आले आणि एवढंच म्हणाले, “पिशवीला पीठ पाहिजे.” त्यावरही उत्तर काय, तर ‘पिशवी’ म्हणायची गरज नव्हती, ती दिसतीय की! पण मदत करायचं कबूल केलं, नुसतं टोचून सोडलं नाही, सैन्य घेऊन सामोसला वेढा घातला, चाळीस दिवसांनी हात हलवत परत आले ती गोष्ट वेगळी.

सगळ्यात गाजलेलं उत्तर मात्र मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपला दिलेलं, म्हणजे सिकंदरच्या वडिलांना. त्यानं धमकी पाठवली की मी लाकोनियात घुसलो तर तुम्हाला देशोधडीला लावीन. स्पार्टाचं उत्तर एका शब्दाचं, “तर.” इ.स.पू. 338 मध्ये कायरोनियाची लढाई जिंकून फिलिप खरंच लाकोनियात उतरला, मुलूख उजाड केला, पण स्पार्टा शहर काही त्यानं घेतलं नाही. ही गोष्ट लिहिणारा प्लुटार्क फिलिपनंतर चारशेच्या वर वर्षांनी झालाय, त्यामुळं शब्द न् शब्द असाच झाला असेल असं धरू नका, पण लाकोनियाचं बोलणं म्हणजे काय ते यातून बरोब्बर कळतं. तो ‘तर’ म्हणजे ‘आधी घुसून दाखव, मग बघू’ एवढं सगळं वाक्य आहे.

म्हणून माझ्या मते दोन्ही डिक्शनऱ्या अर्ध्याच बरोबर आहेत. तुटक बोलण्यात समोरच्याला तोडायचं असतं, “जेवणार का?” तर “हं”, संपलं. त्रोटक म्हणजे माहितीच अपुरी. अबोल माणूस बोलतच नाही, अन् घुमा तर मनातलं मनातच ठेवतो. लॅकोनिक बोलण्यात असं काहीच अपुरं राहत नाही, शब्द कमी पण अर्थ पुरा, आणि वर थोडी धार. समजा चादरीच्या दुकानात कुणी विचारलं, “ओ काका, रंग कधी जाईल हिचा?” आणि काका म्हणाले, “चादरीनंतर.” हे लॅकोनिक! मितभाषीमध्ये ही धार नाही, तो शब्द सौम्य आहे. ज्ञानेश्वरीतली ओळ बघा, “साच आणि मवाळ, मितले आणि रसाळ”, माऊलींना मोजकं बोलणं पाहिजेच पण ते मऊ आणि गोड पाहिजे, स्पार्टाच्या बोलण्यात मवाळपणा शोधून सापडणार नाही. लेकीला पेपरात अर्थ लिहायचा असेल तर ‘मोजक्या शब्दांत नेमकं बोलणारा’ असं लिहू दे, एका शब्दाच्या मागं लागू नका.

प्रश्न : मितभाषी म्हणजे मित्रासारखं गोड बोलणारा ना? आमच्याकडं यावरून वाद झाला. — एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : नाही, यात मित्र कुठंच नाही. ‘मा’ म्हणजे मोजणे, त्यावरून मित म्हणजे मोजलेलं. परिमित, मितव्ययी, प्रमाण, मापन हे सगळे त्याच घरातले, आणि मोजता येत नाही तो अमित. तुमच्या गल्लीत दोन-तीन अमित तर असतीलच, त्यांनाही सांगून टाका.