घरच्या कॉम्प्युटरवर दहा वर्षांच्या फोटो-व्हिडिओंचा ढीग झालाय, तो कसा लावावा?

असाच ढीग आमच्या सोलापुरातल्या घरी होता. 'न्यू फोल्डर', 'सगळे फोटो', 'सगळे फोटो नवीन'. आधी मी माणसांप्रमाणे लावायला बसलो: आई, मुलगी, मित्र. दोन रविवार पाण्यात गेले. गड्ड्यावरच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या, एका फोटोत तिघंही, तो ठेवायचा कुठे?

शेवटी वर्ष आणि प्रसंग, एवढंच ठेवलं. २०१९ च्या फोल्डरात '२०१९-०१-१४ गड्डा'. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, महिना किंवा दिवस एकाच आकड्याचा असेल तर त्याच्या आधी शून्य. मग नावाप्रमाणे लागलेली यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. मध्ये तिरकी रेघ नको, विंडोज ती नावात घेत नाही.

खरी डोकेदुखी तारीख शोधण्याची. कॅमेऱ्यातून थेट घेतलेल्या फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डेट टेकन' सापडते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यात ती गळून गेलेली असते. नावात दिसते ती फोटो फोनवर आल्याची तारीख. मावशीने २०१६ चा फोटो काल पाठवला, तर नावात कालचाच दिवस. अशा वेळी मला गड्डा कामी आला. दिवाळी तिथीप्रमाणे पुढंमागं होते, पण सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीला धरून असते. फोटोत यात्रेच्या मिरवणुकीतले उंच नंदीध्वज दिसले की जानेवारीचा मध्य पक्का. राहिलं वर्ष, ते आईने मुलीच्या पडलेल्या दातांवरून सांगितलं.

लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जात नसेल, तर पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे का बघा. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, जागा कितीही रिकामी असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी बाहेर काढून घ्या. सातबारा, वीजबिलं वगैरे एका वेगळ्या फोल्डरात टाका, त्यावर फार डोकं लावू नका.

आणि सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्याशिवाय एकही फाइल उडवू नका. मी उडवल्या. एकाच नावाच्या फायली चार ठिकाणी दिसल्या, डुप्लिकेट समजून तीन पुसल्या आणि रिसायकल बिनही रिकामी केली. कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट केल्यावर फोटोंचे नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले होते, हे नंतर कळलं. नावं एकच, पण चारही ठिकाणचे फोटो वेगळे होते. २०१२ च्या हुरडा पार्टीचा एकही फोटो आता आमच्याकडे नाही.