तळ्याकाठचे पतंग कसे नोंदवावेत?

प्रश्न : कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या जंगलात पतंगांची नोंद करायची आहे. पांढरा पडदा आणि दिवा पुरेल का?

उत्तर : सुरुवातीला पुरेल, मात्र अभयारण्यात वन विभागाची परवानगी आधी घ्यावी. पडदा अमावास्येच्या आसपास लावावा, कारण चांदण्यात दिव्याकडे येणारे पतंग घटतात, आणि त्याचे तोंड झाडीकडे ठेवावे, अन्यथा जलकीटकांनीच तो भरून जाईल. तरीही काठ सोडू नये. काही इवल्या पतंगांच्या अळ्या पाण्याखाली, पाणवनस्पतींवरच वाढतात. दिव्याकडे न फिरकणाऱ्यांसाठी सडक्या केळ्यात गूळ कालवून खोडाला लावावा. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा चंद्रपतंग मात्र तिथे येणार नाही, कारण प्रौढावस्थेत तो काहीच खात नाही. उजाडण्यापूर्वी पडद्यावरचे पतंग हलकेच झाडीत सोडावेत, नाहीतर पक्षी ते टिपून खातात.