परदेशी विद्यापीठासोबत संशोधन करताना आपलं स्थान बरोबरीचं कसं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर एका युरोपीय विद्यापीठाला अभ्यास करायचाय. घरोघरी जाऊन माहिती गोळा करायची तुमच्या कॉलेजने, विश्लेषण त्यांनी, आणि यात आपला शब्द कसा चालेल ते कळत नाहीये. मी बेळगाव-खानापूरकडे बरीच वर्षं अशा प्रकल्पांचं फिल्डचं काम केलंय, त्यावरून सांगतो.

जे बोलायचं ते सहीच्या आधी बोला. मंजुरी मिळाली की प्रश्नावली, बजेट, मुदत, काहीच हलत नाही.

खानापूर तालुक्यात एका प्रकल्पाचं संमतीपत्र तिकडून तयार होऊन आलं, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. कर्नाटक म्हणजे कन्नड, एवढाच हिशोब. एका मावशींनी कागद उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. वाचता येत नाही म्हटल्यावर नियमाने साक्षीदार आणि अंगठा. मी शाईचं पॅड उघडलं तशा त्या म्हणाल्या, "मला सही येतंय की. अंगठा कशाला मागूलायस?" मराठी चौथी शिकलेली बाई ती. अंगठा दिला, पण माझ्या तोंडाकडे बघत दिला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मराठी प्रत द्या म्हणून मी कळवलं, तर उत्तर आलं की बदलासाठी दोन्हीकडच्या एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिक चौकटीत आहे का ते बघणाऱ्या समितीची) परवानगी पुन्हा घ्यावी लागेल, तेवढा वेळ नाही. हीच मागणी सहा महिने आधी केली असती तर फुकटात झाली असती.

म्हणून मराठी संमतीपत्र पहिल्या मसुद्यातच मागा. ते चार-पाच कामगार बायकांना वाचून दाखवा, प्रश्नावलीही दाखवा. वखारीतल्या धुळीबद्दल काय विचारायचं राहिलंय ते त्याच सांगतील.

लेखकांच्या यादीचं नीट समजून घ्या. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आयसीएमजेई नावाची समिती आहे. तिच्या चार अटी पूर्ण करणाराच लेखक ठरतो, नुसती माहिती गोळा केल्याने नाव लागत नाही. पण पहिली अट पुरी करणाऱ्याला लेख लिहिण्यात, तपासण्यात भाग घेण्याची संधी द्यावी, असंही तिथेच म्हटलंय, आणि माहिती मिळवण्यातलं भरीव योगदान त्या पहिल्या अटीत बसतं. याच वाक्यावर बोट ठेवा. तुमच्यातल्या कोण विश्लेषणात बसणार, हे नावानिशी करारात लिहून घ्या.

पैशाचंही विचारा, लाजू नका. अमेरिकेची एनआयएच, म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसे देणारी तिथली सरकारी संस्था, परदेशी संस्थांना वरखर्च (ऑफिस, वीज, हिशोब असा संस्थेचा खर्च) ठरलेल्या ८ टक्क्यांपर्यंतच देते, तिथल्या कित्येक विद्यापीठांना मात्र याच्या कितीतरी पट मिळत आलाय. तुमच्या देणगीदाराचा नियम काय, ते लेखी मागा. परदेशी पैशातल्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत केंद्राच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ते कागद कोण करणार आणि रक्ता-लघवीचे नमुने बाहेर जाणार का, हेही आत्ताच ठरवा.

मागणं जास्त होतंय असं वाटू देऊ नका. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली आणि पुढच्याच वर्षी आलेल्या, गरीब भागांतल्या संशोधनासाठीच्या जागतिक संहितेवर तिची छाप पडली. आणि आपला जिल्हा काही नुसतं माहिती उपसण्याचं रान नाही. २००२ ते २००५ मध्ये इथल्याच खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाची चाचणी झाली, गोळ्या देणाऱ्या होत्या सहायक परिचारिका. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला. २००६ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या त्या लेखावर बेळगावच्या डॉक्टरांची नावं आहेत. बैठकीत हे सांगा.

शेवटचं, निष्कर्ष गावात येऊन मराठीत सांगायचा खर्च बजेटमध्ये वेगळ्या ओळीत टाकून घ्या. प्रकल्प संपल्यावर त्यासाठी कुणाकडेच पैसे उरत नाहीत.